मूठ म्हणजे उडी मारायची नाही

खुणांची कल्पना अप्पांना दाढी करताना सुचली. एरवी दाढी अर्ध्यावर आली की नळाचं पाणी गेलंय, एवढंच त्यांना सुचायचं. त्या सकाळी मात्र पाणी होतं, आणि गालावर पातं असताना माणसाला बोलता येत नसल्यामुळे डोकंही मोकळं होतं. आपण दरवर्षी हरतो ते खेळामुळे नाही, तोंडामुळे, असा शोध त्यांना लागला आणि त्या भरात हनुवटीला जरासं कापलंही.

शोध खोटा नव्हता. आवारात दोन इमारती, पुढची आणि मागची. मागच्या इमारतीच्या बाजूने नवा रस्ता झाल्यापासून तिथले लोक स्वतःला पुढचे म्हणवून घेतात, पण तो वाद वेगळा. दोन्हींच्या मध्ये मैदान, आणि मैदानावर वर्षातून एकदा व्हॉलीबॉलचा सामना. अप्पांची पुढची इमारत दरवर्षी हरायची, कारण तिथली माणसं फार सभ्य. बॉल दातांच्या डॉक्टरांच्या आणि गणिताच्या मास्तरांच्या मधोमध यायचा. डॉक्टर म्हणायचे, घ्या. मास्तर म्हणायचे, छे छे, तुम्ही घ्या. हा आग्रह चालू असताना बॉल कुणाचीच वाट न बघता जमिनीवर पडायचा. मागच्या इमारतीत असली सभ्यता औषधालाही नव्हती, त्यामुळे चषक कायम त्यांच्याकडे.

अप्पा कोच झाले ते गुडघ्यांमुळे खेळता येईना आणि स्वभावामुळे गप्प बसवेना म्हणून. पट्टीचे खेळाडू नेटजवळ उभे राहून हात पाठीमागे घेतात आणि बोटांनी आपल्या माणसांशी बोलतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एक बोट म्हणजे सरळ येणारा फटका मी अडवतो. दोन म्हणजे तिरका. मूठ म्हणजे कुणीच उडी मारायची नाही, सगळ्यांनी खाली राहून बॉल उचलायचा. वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसून अप्पांनी जन्मभर लोकांचं बोलणं ऐकलं होतं. एक अक्षरही न बोलता कामं होतात, ही कल्पनाच त्यांना स्वर्गीय वाटली.

नुसत्या बोटांवर भागवतील तर ते अप्पा कसले. बाकावरून कोचने करायच्या खुणा त्यांनी स्वतः तयार केल्या. चष्म्याला हात लावला की बॉल मधल्या गड्याला द्यायचा, कान ओढला की मागच्याला, शर्टाचं वरचं बटण धरलं की आधीची खूण खोटी समजायची. कोचनेही मूठ दाखवली तर उडी बंद. गणिताच्या मास्तरांनी शंका काढली की चष्मा खरोखरच घसरला तर काय करायचं. कोचचा चष्मा घसरत नसतो, असं अप्पांनी त्यांना सांगितलं. हे सांगताना त्यांनी चष्मा वर सारला, आणि डॉक्टरांनी इमानदारीत बॉल मधल्या गड्याच्या डोक्यात घातला.

सराव घरीही चालायचा. अप्पा सकाळी गॅलरीत उभे राहून दोन बोटं दाखवत, कान ओढत, बटण धरत. खालून जाणाऱ्या पाववाल्याने दोन बोटं पाहून दोन पाव वर पाठवले. समोरच्या इमारतीतल्या आजींना वाटलं की यांचा कान दुखतोय, त्यांनी कानात घालायच्या थेंबांची बाटली पाठवली. तळमजल्यावरच्या मावशी तर जिना चढून काकूंना विचारून गेल्या की यांना ऑफिसात काही त्रास आहे का. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, पाव ठेवून घेतले, थेंब परत केले आणि मावशींना सांगितलं की त्रास ऑफिसात नाही, घरात आहे.

घरातला त्रास म्हणजे अबोला. मुलीचं घरातलं नाव चिमी. हे नाव ठेवलं तेव्हा पुढे तिचं डोकं दाराच्या चौकटीला टेकणार आहे याची कुणाला कल्पना नव्हती. चिमीने विमा कंपनीतली बसून करायची नोकरी सोडली, व्हॉलीबॉलच्या रेफरीची परीक्षा दिली आणि दूरच्या एका निवासी शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा मिळवली. त्यावर अप्पा म्हणाले होते, शिट्टी फुंकून कुणाचं भलं झालंय? चिमी म्हणाली होती, तुम्ही गावभरच्या तक्रारी ऐकता, माझं कधी ऐकलंत? दोघांनाही नंतर वाईट वाटलं, पण आधी कुणी बोलायचं हा प्रश्न राहिला. मग सगळं बोलणं काकूंमार्फत सुरू झालं. तुझ्या मुलीला सांग पंखा बंद कर. बाबांना सांग पंखा मी लावलेला नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने चिमी जाणार होती, आणि सामना होता त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी.

आता खरी गोष्ट अशी की अप्पांनी बोलायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. "तिकडे थंडी असते म्हणतात, माझा लोकरीचा कोट घेऊन जा." या वाक्यात माफी नव्हती, पण कोट होता. ऑफिसातून येताना ते हे वाक्य घोळवतच जिना चढत होते, आणि नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरींनी त्यांना सभेला ओढून नेलं.

सभा रेफरीवरून होती. दरवर्षी सेक्रेटरीच शिट्टी वाजवायचे आणि दरवर्षी दोन्ही इमारती त्यांच्याशी भांडायच्या. यंदा वैतागून त्यांनी व्हॉलीबॉल संघटनेकडे रीतसर रेफरी मागितला होता. संघटनेने उत्तर दिलं की तुमच्याच आवारात परीक्षा पास झालेली रेफरी राहते, बाहेरून माणूस कशाला. मागच्या इमारतीचे कोच होते वकील. ते उठले आणि म्हणाले, बाप कोच आणि मुलगी रेफरी, हे जगाच्या पाठीवर कुठे चालतं?

अप्पा काही बोलणार तोच तळमजल्यावरच्या मावशी त्यांच्या मदतीला धावल्या. त्या म्हणाल्या की मुलगी बापाला झुकतं माप देईल ही भीतीच नको, दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. सभेत कुजबुज झाली. वरच्या मजल्यावरच्यांनी दुजोरा दिला. पंख्याचा प्रसंग कुणीतरी तपशीलवार सांगितला. भिंती पातळ होत्या. आपल्या घरातला अबोला हा आवारातला एवढा भक्कम पुरावा आहे हे अप्पांना ठाऊक नव्हतं. ते खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

वकिलांनी समाधान झाल्याचं सांगितलं. मात्र एक अट घातली. "हा अबोला सामन्याच्या शेवटच्या शिट्टीपर्यंत कायम राहिला पाहिजे. मध्येच गोडी झाली तर रेफरी बाद, आणि सामना आमचा."

सगळे अप्पांकडे बघू लागले. इथे शहाण्या माणसाने सांगितलं असतं की जमणार नाही. पण भर सभेत इभ्रतीचा प्रश्न आला की अप्पांचं शहाणपण जेवायला जातं.

"त्याची काळजी नको," अप्पा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी काकूंना हे सांगितलं तेव्हा काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या की पोर सोमवारी जाणार, आणि तुम्ही रविवारपर्यंत न बोलण्याची हमी देऊन आलात. यापुढे मी निरोप पोचवणार नाही, मी काही टपालखातं नाही. तुमचं तुम्ही बघा. आणि त्यांनी खरोखरच निरोप बंद केले.

त्याच रात्री जेवताना अप्पांना मीठ हवं होतं. मीठ चिमीच्या हाताशी. काकू ताटात बघून जेवत होत्या. अप्पांनी घसा साफ केला, तर खिडकीबाहेर मावशी जिन्याच्या पायरीवर उभ्या दिसल्या. त्या हल्ली कारण नसताना वर येऊन कानोसा घ्यायच्या. नाइलाजाने अप्पांनी चिमटीने हवेत काहीतरी भुरभुरवल्यासारखं केलं. चिमीने मिठाची बरणी सरकवली. मग तिने कपाळावर हात ठेवून त्यांच्या रक्तदाबाची आठवण करून दिली. अप्पांनी अर्धंच मीठ घेतलं.

तिथून घरात खुणांचं राज्य सुरू झालं. अप्पांनी संध्याकाळी आणखी चहा मागितला की चिमी चार बोटं वर करायची. याचा अर्थ त्यांना कळेना. शेवटी तिचं नियमांचं पुस्तक टेबलावर उघडं सापडलं, आणि त्यातून उलगडा झाला की संघाने बॉलला तीन वेळाच हात लावायचा असतो, चौथ्यांदा लावला की रेफरी चार बोटं दाखवते. अप्पांचा हा चौथा कप होता. पुस्तक त्याच पानावर उघडं कसं राहिलं याचा त्यांनी विचार केला नाही, पण दुसऱ्या दिवशीही ते टेबलावर होतं आणि अप्पांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

कधी कधी चिमीच्या खोलीचं दार जरासं उघडं राहायचं. ती आरशासमोर उभी राहून हातांचा सराव करायची. अप्पा पाणी प्यायला म्हणून उठायचे आणि पाणी न पिता तिथेच थांबायचे. तिची एक खूण त्यांना विशेष आवडली. एक पंजा उभा धरायचा, आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवायची. बाहेर गेलेला बॉल जाता जाता कुणाच्या तरी बोटांना लागला, असा तिचा अर्थ. इतक्या छोट्या स्पर्शासाठी कुणीतरी वेगळी खूण करून ठेवलीय, याचं अप्पांना फार नवल वाटलं. तेवढ्या वेळात मुलीकडे नीट बघून झालं, हे ते स्वतःलाही सांगत नव्हते.

मावशींनी अर्थातच हे सगळं वकिलांच्या कानावर घातलं. खुणा म्हणजे बोलणं की नाही, यावर पुन्हा सभा भरली. वकिलांचं म्हणणं, चार बोटं म्हणजे सरळ सरळ वाक्य आहे. सेक्रेटरी सभांना इतके कंटाळले होते की त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, आवाज नाही तर बोलणं नाही, आणि दिवा मालवून निघून गेले.

रविवारी मैदानाला माणसांची रांग लागली. रेफरीच्या उंच खुर्चीची सोय झाली नव्हती, म्हणून रंगाऱ्याची घडीची शिडी नेटच्या खांबाला लावून ठेवली होती. पांढऱ्या शर्टातली चिमी झरझर वर चढली. शिडी एकदा डुगडुगली आणि थांबली. समोरच्या बाजूला बाकावर बसलेले अप्पाही एकदा डुगडुगले. शिडीशी उभ्या असलेल्या रखवालदाराचं लक्ष मात्र माणसं मोजण्याकडे होतं.

सामना सुरू झाला आणि खुणांची दैना व्हायला पहिला सेटही पुरा लागला नाही. डॉक्टरांनी नेटजवळ उभं राहून नियमाप्रमाणे हात पाठीमागे घेतला आणि दोन बोटं दाखवली. समोरच्यांना ती दिसली नाहीत. पण पाठीमागे पुढच्या इमारतीची सगळी बायकापोरं बसली होती, आणि त्यांना ती लख्ख दिसली. आपल्या डॉक्टरांचं कौतुक म्हणून पोरं एका सुरात ओरडली, दोन. पुढच्या वेळी, एक. वकिलांना कान देण्यापलीकडे काहीच करावं लागलं नाही. पहिला सेट मागच्या इमारतीने खिशात घातला.

दुसऱ्या सेटला अप्पांनी हुकूम सोडला की जी खूण होईल तिच्या उलट करायचं. अर्ध्या गड्यांच्या हे लक्षात राहिलं, अर्ध्यांच्या नाही. त्यामुळे आपल्याकडून काय होणार हे पुढच्या इमारतीलाच कळेना, मग मागच्या इमारतीला कुठून कळणार. वकील मोठमोठ्याने सल्ले देत राहिले आणि त्यांचे गडी सल्ल्याप्रमाणे चुकीच्या जागी उभे राहत गेले. एकदा बॉल रेषेजवळ पडला, चिमीने तो बाहेर दिला, अप्पा आत आत म्हणून नुसतेच ओठ हलवत राहिले. तरीही सेट पुढच्या इमारतीने घेतला. असं आजवर झालं नव्हतं. मास्तर आणि डॉक्टरांनी एकमेकांना मिठी मारली आणि लगेच एकमेकांची माफीही मागितली.

तिसरा सेट पंधरा गुणांचा, आणि चषक त्याच्यावर. आता बायकापोरांना गप्प बसवलं होतं, आणि खुणा पुन्हा सरळ झाल्या होत्या. नेमकं तेव्हाच कोचचं काहीतरी बिनसलं. सर्व्हिस व्हायची आणि अप्पा दोन्ही हात पुढे करून मुठी आवळायचे. मूठ म्हणजे उडी नाही. गडी बिचारे जमिनीला खिळायचे, आणि समोरचा फटका त्यांच्या डोक्यांवरून निवांत निघून जायचा. डॉक्टरांनी चेहऱ्यानेच विचारलं, पुन्हा मूठ? अप्पांनी आणखी जोरात मुठी आवळल्या, इतक्या की बाकावरून उठून रेषेच्या आत आले.

चिमीने शिट्टी वाजवली आणि पिवळं कार्ड काढलं. रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं असतं, कोचने नाही. कॅप्टन म्हणजे डॉक्टर. ते शिडीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "त्या म्हणाल्या, कोचना सांगा जागेवर बसा."

अप्पा म्हणाले, "त्यांना सांगा, बसतो."

घरी काकू, इथे डॉक्टर. अप्पा जाऊन बसले. कान मात्र लाल झाले होते, आणि सगळं आवार ते बघत होतं. पुढचे काही फटके त्यांनी मुठी मांडीखाली दाबून पाहिले. त्यामुळे गडी पुन्हा उड्या मारू लागले, गुण भराभर वाढले आणि फलक चौदा तेरावर आला. चौदा मागच्या इमारतीचे.

मागच्या इमारतीच्या उंच गड्याने उडी घेऊन फटका मारला. शिडीजवळच्या खांबाशी डॉक्टर हात वर करून उडाले. बॉल त्यांच्यावरून गेला आणि रेषेच्या चांगला हातभर बाहेर पडला. रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी झेंडा वर केला. बाहेर. चौदा चौदा. पुढची इमारत नाचायला लागली, आणि वकील हात वर करून उभे राहिले. बॉल डॉक्टरांच्या बोटांना लागला, असं त्यांचं म्हणणं.

चिमीने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला काही कळलं नाही, डोळे मिटले होते. सेक्रेटरींनी सांगितलं की आपण फक्त रेषा बघत होतो. शिडीवरून चिमीला नेटच्या पट्ट्यामुळे दिसलं नव्हतं. ती थांबली. झेंडा वर होता, तिने नुसता पुढच्या इमारतीकडे हात केला असता तरी कुणी तिला दोष दिला नसता.

पण अप्पांना दिसलं होतं. डॉक्टरांची करंगळी मागे वाकली होती. सगळं आवार बॉलकडे बघत होतं तेव्हा अप्पांची नजर नेमकी त्या खांबापाशी होती.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. गडी त्यांच्याकडेच बघत होते, कारण काहीही झालं की कोचकडे बघायचं असं त्यांनीच शिकवलं होतं. चषक हाताच्या अंतरावर होता. अप्पांनी वर शिडीकडे पाहिलं. चिमी त्यांच्याकडे बघत नव्हती. बापाला विचारायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. ती हात उचलणार, तेवढ्यात अप्पा उठून उभे राहिले.

त्यांनी एक पंजा उभा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवली.

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मा, कान, बटण, मूठ, सगळं त्यांना पाठ होतं, हे कुठलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, हे आपण शिकलोच नाही. चिमीने मात्र ओळखलं. मग तिनेही पंजा उभा धरला, त्यावरून बोटं फिरवली आणि मागच्या इमारतीकडे हात केला. शेवटची शिट्टी वाजली.

चषक पुन्हा मागे गेला. पुढच्या इमारतीत अप्पांशी त्या संध्याकाळी कुणीच धड बोललं नाही. अबोला आता घराबाहेर पसरला होता. डॉक्टर तेवढे म्हणाले की करंगळी खरोखरच दुखतेय. वकिलांनी अप्पांचा हात हातात घेतला, काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न केला, सवय नसल्याने जमलं नाही, आणि अबोल्याची अट संपल्याचं जाहीर करून ते निघून गेले.

घरी दाराशी चिमीची बॅग भरून ठेवलेली. टेबलाशी बाप आणि मुलगी समोरासमोर. अट संपली होती. अप्पांनी चष्मा पुसला. चिमीने मिठाची बरणी इकडची तिकडे केली. जिन्यात मावशींची चप्पल वाजली आणि थांबली.

"बोला आता," काकू म्हणाल्या. "शिट्टी झालीय."

चिमीने हात लांब केला आणि अप्पांच्या बाजूने वळवून छातीपाशी आणला. सर्व्हिस करायला रेफरी परवानगी देते तशी खूण.

अप्पांनी घसा साफ केला. कोटाचं वाक्य जिभेवर होतं. बाहेर आलं ते भलतंच.

"दुसऱ्या सेटमधला तो बॉल आत होता."

"बाहेर होता, बाबा."

"मी समोरून बघत होतो."

"मी वरून बघत होते. चार बोटं बाहेर होता."

"दोन."

काकू खुर्ची ओढून बसल्या. त्यांना मधे काहीच सांगायचं नव्हतं, आणि हे सुख त्यांनी पुरेपूर घेतलं. टेबलाची कड रेषा झाली, मिठाची बरणी बॉल झाली. बराच वेळ भांडून झाल्यावर अप्पा एकदम थांबले आणि खाली बघून म्हणाले, "तिकडे शाळेत खुर्चीवर चढताना आधी शिडी हलवून बघत जा. आजची तिसऱ्या सेटला फारच हलत होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"तेच तर बघत होतो सगळा वेळ. रखवालदाराला सांगत होतो, धर, घट्ट धर. तो बघेल तर ना."

अप्पांनी दोन्ही हात पुढे करून मुठी आवळून दाखवल्या. चिमी त्या मुठींकडे बघत राहिली. तिला हसू आलं, ते अर्ध्यावर थांबलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आणि मी तुम्हाला कार्ड दाखवलं."

"बरोबर दाखवलंस. रेषेच्या आत आलो होतो." मग ते म्हणाले, "चांगली शिट्टी वाजवतेस. मला आवडलं. तेव्हा उगाच बोललो मी."

काकूंनी चहा आणला. हा अप्पांचा संध्याकाळपासूनचा चौथा कप. चिमीने सवयीने चार बोटं वर केली, मग हात खाली घेतला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.